कच्चा जोड

काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या वतीने मी दावा चालविला होता. जिन्याचा कठडा निखळला. दोष वेल्डिंग करणाराचा, असा युक्तिवाद मी मोठ्या ऐटीत केला व जिंकलोही.

परवा हैदराबादेतील आमच्या देवळाच्या कठड्याचे काम चालले असता वृद्ध कारागिराने होल्डर माझ्या हाती दिला. “वकीलसाब, पैले आँखां संभालो,” म्हणत काळ्या काचेचा मुखवटाही दिला.

सळी 3.15 मिलिमीटरची, प्रवाह सुमारे 110 अँपिअर. आगकाडीप्रमाणे सळी घासावयाची आणि ज्योत पेटताच सळीच्या जाडीइतकेच अंतर राखावयाचे. अंतर घटले की सळी चिकटते, वाढले की थेंब इतस्ततः उडतात. शिवाय सळी झिजत जाते, म्हणून हात खाली आणीत आणीतच पुढे न्यावयाचा! माझी सळी सात वेळा चिकटली.

अखेर मळी झाडली. जोड दिसावयास देखणा होता. कारागिराने हातोडीचे दोन घाव घातले आणि तो सुटला. गंज मी खरवडलाच नव्हता.

त्या दाव्यातील कारागिराने साक्षीत हेच सांगितले होते : सळ्या दमट होत्या, गंज काढावयास वेळ दिला नाही. मी त्यास सबब म्हटले होते.