छायाचित्र आणि कलम

आदामाने सर्व प्राण्यांस नावे दिल्याची कथा पवित्र शास्त्रात आहे. संगणकाच्या जगात हे काम अनेक आदामांनी आपापल्या बागेत बसून केले. त्यामुळे तेथे एकाच नावाचे निरनिराळे प्राणी आढळतात. हे न ओळखल्यामुळे गतवर्षी आम्ही फसलो. ती हकीकत बालवाचकांस उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

वार्षिकासाठी आलेले निबंध आम्ही शाळेच्या संगणकात ठेवीत असू व रोज सायंकाळी त्यांचा ‘स्नॅपशॉट’ घेत असू. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींचे जणू छायाचित्र. तो तत्काळ निघतो व आरंभी जागाही फारशी अडवीत नाही. कारण त्यात मजकुराची नक्कल होतच नाही. पुढे मजकूर बदलल्यास नवा भाग दुसरीकडे लिहिला जातो व जुना तसाच राखला जातो. एकदा एका मुलाचा पुसला गेलेला निबंध आम्ही ह्याच युक्तीने परत मिळविला आणि अगदी निर्धास्त झालो. पुढे डिस्कच बिघडली. निबंध गेले व छायाचित्रेही गेली, कारण दोन्ही एकाच डिस्कवर होती! मुलांनी निबंध पुन्हा लिहिले, पण एक मुलगी म्हणाली, “सर, पहिल्यासारखा साधला नाही.” ते शब्द अजून आम्हांस टोचतात.

मग आम्ही ह्या शब्दांचा छडा लावला. सन कंपनीने २००५ साली खुल्या केलेल्या झेडएफएस पद्धतीत स्नॅपशॉट केवळ वाचावयाचा. लिहावयाचे असल्यास त्यापासून ‘क्लोन’ करावा लागतो. २००९ साली लिनक्समध्ये आलेल्या बीटीआरएफएसमध्ये मात्र स्नॅपशॉटवरही लिहिता येते. ॲपलच्या २०१७ च्या एपीएफएसमध्ये एकेका फाइलीचाही क्लोन होतो. स्नॅपशॉट मात्र संपूर्ण विभागाचा.

क्लोन ह्या शब्दाच्या मुळाशी डहाळी ह्या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वेबर ह्यांनी १९०३ साली तो कलमे, कंद इत्यादींपासून वाढविलेल्या रोपांकरिता योजिला. म्हणून आम्ही वर्गात क्लोनला ‘कलम’ म्हणतो: जुना मजकूर मूळच्याशी सामाईक, नवी पालवी स्वतःची. पण बागच वाहून गेली तर झाड व कलम दोन्ही जाणार, हेही मुलांस सांगतो.

यंदा सर्व निबंध दुसऱ्या डिस्कवर पूर्णपणे उतरवून ती डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेविली आहे. तिला आम्ही साधे ‘नक्कल’ हेच नाव दिले. परीक्षेत निषिद्ध असली, तरी येथे ती अवश्य करावी.