दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ!
(केनियातल्या माचाकोसच्या खेड्यात सेवेला जाणाऱ्यांसाठी)

गावात बांध घालायला, शाळेच्या भिंती उचलायला, कोंबड्या पाळायला शिकवायला परदेशातून आलेली तरणी पोरे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असतील. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात आपल्या देशात होते. आता आपल्याकडची शिकलेली मुलेमुलीही अशा कामाला आफ्रिकेतल्या खेड्यांत जातात. उद्या तुमच्या घरातले कोणी निघाले, तर लस टोचून घे, मच्छरदाणी ने, कागदपत्रे जप, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. तिथल्या अंगणातले चार शब्द सांगणारे मात्र थोडे. तेव्हा मंडळी, आज आपण केनियातल्या माचाकोसला जाऊ.

राजधानी नैरोबीपासून हे गाव साठ-पासष्ट किलोमीटरवर. भोवती डोंगर, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि खाली वर्षातला बहुतेक काळ कोरड्या असलेल्या वाळूच्या नद्या. आपल्या दुष्काळी तालुक्यातला माणूस इथे उतरला तर त्याला फारसे परके वाटायचे नाही. लोक कांबा जमातीचे. घरात कांबा भाषा बोलतात, पण बाजारात आणि परक्याशी स्वाहिली.

या स्वाहिलीत आपली पहिली फजिती होते ती नात्यांत. ‘बाबा’ म्हणजे बाबाच, पण ‘मामा’ म्हणजे आई! ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘बाबू’ म्हणजे आजोबा आणि ‘बीबी’ म्हणजे आजी. घरच्या बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. थोरल्या मुलाचे नाव मुतुआ असेल तर ती ‘मामा मुतुआ’. आपल्याकडेही ‘बाळूची आई’ म्हणतातच की!

दाराशी गेलात तर थेट आत शिरू नका. बाहेर उभे राहून ‘होडी’ म्हणायचे. आतून ‘कारिबू’ आले, की या बसा असे समजावे. मग ‘हबारी’, म्हणजे काय खबरबात. घरची, गुरांची, पावसाची विचारपूस झाल्यावाचून कामाचा विषय काढणे हे उद्धटपणाचे. किनाऱ्याकडे आणि शेजारच्या टांझानियात वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरतो. पण मला सगळ्यांत आवडतो तो ‘पोले ना काझी’ हा शब्द. कोणी शेतात राबत असेल, ओझे वाहत असेल, तर जाताजाता हे म्हणायचे. अर्थ साधारण असा, की तुम्हाला कष्ट पडताहेत, मला त्याची जाणीव आहे. परक्याच्या तोंडून हे ऐकले की खुरपणारी बाई मान वर करून हसते.

वेळेचा घोळ आधीच समजून घ्या. तिथे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. विषुववृत्त जवळ, त्यामुळे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो. म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, पहिला तास. ‘सा म्बिली’ला, म्हणजे दुसऱ्या तासाला या असे म्हटले, तर सकाळी आठला जायचे. शब्दश: दोन समजून कोणी दुपारी उगवला, तर तोवर लोक काम आटोपून घरी गेलेले असतात.

जेवणात ‘उगाली’. पांढऱ्या मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. जेवणाआधी कोणीतरी तांब्याने हातावर पाणी घालते. उगालीचा तुकडा उजव्या हाताने मोडायचा, अंगठ्याने त्याला खळगी पाडायची आणि तिने भाजी उचलायची. भाजी बहुधा ‘सुकुमा विकी’ची. नावाचा अर्थ आठवडा ढकलणे! स्वस्तातला हिरवा पाला, पगाराच्या आधीचे दिवस त्यावर निघतात. मका आणि घेवडा एकत्र शिजवला की ते ‘इस्यो’. मक्याचे टरफल कांडून काढले असेल तर ‘मुथोकोई’. मक्यात आंतरपीक म्हणून तूर असते, तिला म्हणतात ‘म्बाझी’. पूर्व आफ्रिकेची तूर आपल्या बाजारात येते, म्हणजे हे शेत तुमच्या आमटीला अगदीच अनोळखी नाही. मूग म्हणजे ‘न्डेंगू’, चवळी म्हणजे ‘कुंडे’, आणि चवळीचा पालाही भाजीला लागतो.

बाजारात तर कान टवकारतात. दुकान ते ‘दुका’, पैसे ते ‘पेसा’, गोणी ती ‘गुनिया’, धान्य मापायचा पत्र्याचा डबा तो ‘डेबे’, एक लाख म्हणजे ‘लाकी मोजा’. चहाला ‘चाय’, चपातीला ‘चपाती’. किनाऱ्यावरचा व्यापार जुना. त्यात १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून आत रेल्वे घातली, तिला तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले, मुख्यत: पंजाबातून. १९२० पर्यंत तिकडे चलनही रुपयाचेच होते. त्यामुळे आपल्या मुलाला लोक ‘मुहिंदी’ म्हणतील आणि याचे दुकान कुठे, असे विचारतील. रागावू नये. गंमत म्हणजे मक्यालाही ‘महिंदी’च म्हणतात.

आता कामाचे. ‘शांबा’ म्हणजे शेत, ‘जेंबे’ म्हणजे कुदळीसारखे खणायचे अवजार, ‘फुंडी’ म्हणजे कारागीर. आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द कांबा भाषेतला, ‘म्वेथ्या’. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड तीच ही. ठरल्या दिवशी सगळे आपापले जेंबे घेऊन एकाच्या शेतात जमतात, पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या. बायकांची संख्या मोठी असते.

या लोकांना हुकूम सोसत नाही, त्याला इतिहास आहे. १९३० च्या सुमारास हे डोंगर धुपून उघडे पडले होते. गुरे फार झाली म्हणून १९३८ साली इंग्रज सरकारने ती जबरदस्तीने विकायला लावली. तेव्हा मुइंदी म्बिंगू यांच्या पुढारीपणाखाली कांबा लोक बायकापोरांसह नैरोबीला जाऊन ठाण मांडून बसले. सरकारला माघार घ्यावी लागली. सक्तीने खणायला लावलेल्या चरांचाही लोकांना तिटकारा होता. तेच चर पुढे त्यांनी आपल्या मर्जीने खणले. १९३० ते १९९० या साठ वर्षांत लोकसंख्या पाचपटीवर गेली आणि जमिनीची धूप मात्र कमी झाली, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आठ दिवसांपूर्वी आलेल्या पाहुण्याने तिथे मुकादमी करू नये.

या चरांचे नाव ‘फान्या जू’, म्हणजे वर टाका. आपण समतल चर खणताना माती सहसा उताराच्या अंगाला टाकतो. ते ती वरच्या अंगाला टाकतात. बांधावर नेपियरसारखे गवत लावतात. गुरांना चारा होतो, आणि वरून वाहून आलेली माती बांधाशी अडून काही वर्षांत शेत आपोआप सपाट होते. मेहनत जास्त, कारण माती चढावर फेकायची. पाठ भरून आली तरी पहिल्या दिवशी कुरकुर करू नये, शेजारी साठीची आजी फेकत असते.

नदीवर वाळूचा बंधारा. पात्रात खाली खडक लागेपर्यंत खणून दगड-सिमेंटची भिंत उभी करतात. दगड, वाळू, पाणी म्वेथ्याने गोळा करायचे. सिमेंटला आणि फुंडीच्या मजुरीला बाहेरची मदत येते. पुरात भिंतीमागे वाळू साठते आणि त्या वाळूच्या पोटात पाणी राहते. ऊन ते पीत नाही, डास होत नाहीत, पाणी गाळूनही निघते. पण वरच्या शेतांना चर नसतील तर वाळूऐवजी गाळ येतो आणि भिंत फुकट जाते. म्हणून चर आधी, बंधारा मागाहून. बंधारा नसतो तिथे पिवळे वीस लिटरचे डबे गाढवावर लादून बायका कोसकोस चालतात. नवख्या मुलीने एकदा त्यांच्याबरोबर पाण्याला जावे. कुठे भिंत बांधायची हे तिला नकाशापेक्षा त्या वाटेवर नीट कळेल.

एक गोष्ट राहिली. नैरोबीच्या इमारतींना वाळू लागते आणि ट्रक थेट नदीत उतरतात. वाळू गेली की पाणीही गेले, हे आपल्या नदीकाठच्या वाचकांना सांगायला नको. शेजारच्या माकुएनी परगण्याने २०१५ साली वाळू राखण्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. पाण्याला तिथे ‘माजी’ म्हणतात आणि वाळूला ‘म्चांगा’. बंधाऱ्यावर कामाला जाणाऱ्याने हे दोन शब्द विमानात बसण्याआधीच पाठ करावेत.