घास आणि घसा

मराठी भाषेने घशावर फार माया केली आहे. आपल्याकडे कंठ दाटून येतो, घशाला कोरड पडते, आवंढा गिळावा लागतो, नावडती गोष्ट गळी उतरवावी लागते. आणि दुसऱ्याची जमीन घशात घालणारेही गावोगावी असतात. या साऱ्या वाक्प्रचारांचे वाक्यांत उपयोग करून मी शाळेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्यांतला एखादा अक्षरशः आपल्या वाट्याला येईल, असे तेव्हा वाटले नव्हते. गेल्या श्रावणापासून माझ्या घशाखाली घास सुखाने उतरत नाही.

थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. मला सीलिॲक नावाचा विकार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. माझ्यासारख्यांचे शरीर मात्र त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्याला जखमी करून घेते. आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. अकरावीत असताना जिना चढताना मला धाप लागू लागली. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढेना. शेवटी रक्ताची एक वेगळी तपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा कण काढून पाहिला, आणि निदान झाले. यावर उपाय एकच: जन्मभर गहू वर्ज्य.

हे पथ्य जगाला दिले ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. गव्हाविषयी त्याला आधीपासूनच शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला. त्या काळातील अनुभवाने त्याची शंका बळावली आणि १९५० मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. त्यापूर्वी अशा मुलांना काय खाऊ घालावे याबद्दल नुसते अंदाजच चालत.

आम्ही सोलापूरकडचे, त्यामुळे पोळी सुटल्याचे दुःख मला फारसे झाले नाही. भाकरी होतीच. पण गहू हा मोठा लबाड पाहुणा आहे. तो गिरणीत ज्वारीच्या आधी दळून जातो आणि मागे आपले पीठ ठेवून जातो. थालीपिठाच्या भाजणीत तो असतो, प्रसादाच्या शिऱ्यात तर असतोच. डबीतल्या हिंगातसुद्धा बहुधा मैदा मिसळलेला असतो. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असू नये, असा आपल्याकडे नियम आहे. गिरणीतल्या झटकलेल्या पिठाला हा हिशेब कोण सांगणार? बाबांनी घरघंटी घेतली. आजी मात्र अजून म्हणते, "चिमूटभर प्रसादानं काय होतंय गं?" तिच्या वयाला उत्तर देता येत नाही, मी प्रसाद कपाळाला लावते आणि धाकट्या भावाला देते.

एवढे सारे सांभाळत असतानाच हे नवे दुखणे आले. वसतिगृहाच्या खाणावळीत भाकरी-आमटी खाताना घास मध्येच थबकला. पाणी प्यायले, तेही नाकावाटे परत आले. हनुवटीखाली सूज जाणवत होती. शेजारच्या मैत्रिणीला ती दिसलीसुद्धा. दोन दिवसांनी ओसरली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आली.

मग तपासण्यांची वारी सुरू झाली. सीलिॲक असणाऱ्यांना थायरॉइडचे विकार अधिक होतात, म्हणून ती तपासली. रक्तातले लोह दीर्घकाळ कमी राहिले तर अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा येऊ शकतो, म्हणून तो शोधला. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेत साचल्या तर ती आवळते, म्हणून तिचेही कण काढले. मानेची सोनोग्राफी झाली, ॲलर्जीची चाचणी झाली. नकळत गहू पोटात जातो आहे का, हेही पाहिले. सगळे अहवाल निर्दोष! परीक्षेत असे निकाल लागले असते तर पेढे वाटले असते.

एका डॉक्टरांनी कागद मिटले आणि आईला सांगितले, "मनाचे खेळ आहेत. या वयाच्या मुलींना होतं असं." घशात गोळा आल्याची भावना स्त्रियांना होते, कारण त्यांचे गर्भाशय शरीरात भटकत वर चढते, असे प्राचीन ग्रीक मानीत. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच आला. गर्भाशय भटकायचे केव्हाच थांबले आहे. पण 'या वयाच्या मुली' अजून त्याच जागी उभ्या आहेत. शिवाय, नुसता गोळा वाटतो त्या विकारात अन्न अडकत नाही. माझे अडकते.

दुसऱ्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या. त्या म्हणाल्या, "मला कारण सापडलेलं नाही. पण म्हणून तुला काही झालेलं नाही, असं मी म्हणणार नाही." या दोन वाक्यांनी मला जेवढे बरे वाटले तेवढे कोणत्याही गोळीने वाटले नसते. त्यांनी एक वही करायला सांगितली: काय खाल्ले, सूज कधी आली, किती टिकली. ताठ बसून लहान घास घ्यायचे. जेवल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही. जीभ किंवा ओठ सुजले, श्वास अडला, थुंकीही गिळता येईना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे.

खरी भीती घशापेक्षा ताटाची होती. जेवणाची घंटा झाली की छातीत धडधडे. ४७ किलोंवरून वजन ४१ वर आले. आई म्हणाली, "वर्ष गेलं तर जाऊ दे, घरी ये." तिचे चुकत नव्हते. पण घरी गेले तर मी फक्त रुग्ण होईन, अशी मला धास्ती वाटली. शेवटी आमच्यात करार झाला. दर रविवारी वजन करायचे. ४१ च्या खाली गेले की सामान बांधायचे.

तेव्हापासून खाणावळीतल्या मावशी माझा तवा वेगळा ठेवतात आणि भाकरी आमटीत कुस्करून देतात. मला जेवायला चाळीस मिनिटे लागतात. मैत्रिणी त्यांचे ताट संपले तरी उठत नाहीत. कुणी टिपणे काढते, कुणी सरांची नक्कल करते. एकटीने गिळताना जो घास अडतो, तो गप्पांत पुष्कळदा निसटून जातो. याला वैद्यकात काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

आपल्या पंगतीत आग्रहाला मोठा मान आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात शेजारची कुणी 'नको' म्हणाली, तर तिला एकदाच विचारा आणि तिच्याबरोबर थोडा वेळ बसा.

गेल्या रविवारी वजन ४३ भरले. वहीची शंभर पाने संपली आहेत. कारण अजून सापडलेले नाही. दुसरी वही आणली आहे.

— द्वितीय वर्ष, कला