हजेरी

वारज्याचा मजूर अड्डा सकाळी आठला भरतो आणि साडेदहाला मोडतो. तोवर ज्याला कुणी नेलं नाही, तो डबा तसाच घेऊन खोलीवर जातो. एखादा तिथेच कठड्यावर बसून डबा उघडतो, पण खाताना मान वर करत नाही. हे अडीच तास माझ्या कामाचे. हातात फॉर्मची चळत, खांद्याच्या पिशवीत स्टॅम्पपॅड, जुनं वर्तमानपत्र आणि खोबरेल तेलाची बाटली.

तेल कशाला, असं संस्थेत नव्यानं आलेली मुलं विचारतात. चार दिवसांत त्यांना कळतं. सिमेंट कातडी खातं. वर्षानुवर्षं माल कालवलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात, आणि आधारच्या पडताळणीला बोट ठेवलं की मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. आदल्या रात्री तेल चोळून झोपायचं, सकाळी कोमट पाण्यानं हात धुऊन यायचं. कधी जुळतो, कधी नाही. समोरचा माणूस मात्र ओशाळतो. चूक त्याच्या बोटाचीच असल्यासारखा पॅन्टला ते पुसत राहतो.

बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ मध्ये आला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कल्याणकारी मंडळामार्फत मजुरांसाठी वापरायचा. म्हणजे पैसा आहे. वय १८ ते ६० हवं आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा, एवढीच अट. ही ‘एवढीच’ लिहिणाऱ्यानं अड्डा पाहिला असावा असं मला वाटत नाही. इथला माणूस आज बावधनला खडी वाहतो, उद्या धायरीत प्लास्टरला जातो, परवा रिकामा. दाखला मागायचा कुणाकडे? मी विचारते, “दादा, ठेकेदाराचं नाव काय?” उत्तर येतं, “बुलेटवाला शेठ.” फॉर्ममध्ये बुलेटवाल्या शेठसाठी रकाना नाही.

लोकांना वाटतं, कामगारांसाठी काम करणं म्हणजे मोर्चे, घोषणा, पोलिसांची गाडी. तेही असतं, वर्षातून दोनदा. बाकी सगळी वही आणि पेन. कष्ट झाले होते, हे कागदावर आणणं. इमारत समोर बारा मजले उभी असते, पण ती कुणी बांधली हे तिला विचारता येत नाही.

शब्दसुद्धा मजुरांच्या बाजूनं नाहीत. गवंड्याच्या हाताखालचा तो बिगारी. बिगार म्हणजे फुकटात करून घेतलेलं काम. वेठीबरोबरच हा शब्द यायचा. वेठ गेली, बिगारी राहिला, आणि आम्हीही फॉर्मवर ‘कामाचा प्रकार’ या रकान्यात तोच शब्द लिहितो.

आता स्वतःचंही सांगते, नाहीतर खोटं होईल. नेमणूकपत्र मागा, पगाराची पावती मागा, असं अड्ड्यावर घसा कोरडा करून सांगणाऱ्या मला माझं नेमणूकपत्र तिसऱ्या वर्षी मिळालं, तेही मागितल्यावर. प्रकल्प मार्चमध्ये संपायचा आणि पुढचा मंजूर होईपर्यंत पगार अडायचा. तेव्हा ‘आपली चळवळ आहे’ असं म्हणत बसायचो. शेवटी एका मिस्त्रीमामांनी विचारलं, “ताई, तुमचा शेठ कोण?” मला सांगता आलं नाही.

कंटाळा आला की मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि रविवारची सुट्टी मागणारं, साडेपाच हजार जणांच्या सह्यांचं निवेदन दिलं. इतिहासात तो आकडा येतो. मी मात्र त्या सह्या गोळा करणाऱ्याचा विचार करते. कुणीतरी चाळीचाळींतून दौत घेऊन फिरलं असेल, कुणाची तरी सही वाकडी आली म्हणून कागद बदलला असेल. रविवारची सुट्टी मिळायला त्यानंतरही १० जून १८९० उजाडावा लागला. अड्ड्यावर ती अजून आलेली नाही. रविवारी गर्दी जरा जास्तच असते.

गेल्या वर्षी नांदेडकडच्या एक मावशी कार्यालयात आल्या. ठेकेदारानं एकतीस हजेऱ्या धरल्या होत्या. मावशी म्हणत होत्या, त्रेचाळीस. लिहिता येत नव्हतं, वही नव्हती, मुकादम ठेकेदाराचा मेहुणा. मी नेहमीसारखं विचारलं, “मावशी, पुरावा काय आहे?” त्यांनी पिशवीतून गुंडाळी केलेलं कॅलेंडर काढलं. जानेवारी आणि फेब्रुवारी. ज्या ज्या दिवशी काम केलं, त्या रात्री कपाळावरची टिकली काढून त्या तारखेवर चिकटवलेली. मरून, हिरव्या, काही फिकट झालेल्या, एक-दोन वाळूचे कण धरून बसलेल्या. मकरसंक्रांतीवर टिकली होती. खाड्याच्या तारखा कोऱ्या.

आम्ही मोजल्या. मावशींनीही बोट ठेवून परत मोजल्या, माझ्यावर विश्वास नसल्यासारख्या, आणि बरोबरच होतं ते.

कामगार कार्यालयात तडजोडीच्या बैठकीला कॅलेंडर घेऊन गेलो. साहेबांनी ते बराच वेळ पाहिलं, एक पान उलटलं आणि ठेकेदाराच्या रजिस्टरची प्रत मागवली. रजिस्टरमध्ये एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेल्या दोन महिन्यांच्या हजेऱ्या होत्या. साहेब हसले, काही बोलले नाहीत. दुपारी चारपर्यंत घासाघीस चालली. मावशींना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. आणखी एक तारीख म्हणजे आणखी एक खाडा.

एकोणचाळीस हजेऱ्यांवर मिटलं. कॅलेंडरवर टिकल्या त्रेचाळीस आहेत.