डीसीआरचं कूळ

छतावर सोलर बसवायचं म्हणून कुणी चौकशीला गेलं की सोलरवाला आधी विचारतो, "डीसीआर टाकायचं की नॉन-डीसीआर?" दोन्ही पॅनल शेजारीशेजारी उभी केली तर वेगळी ओळखू येत नाहीत. तीच काळपट काच, तीच ॲल्युमिनियमची फ्रेम, पाठीवर तोच जंक्शन बॉक्स. फरक पोटात. नॉन-डीसीआरची जुळणी इथली असली तरी सेल बहुधा चीनचे. डीसीआर म्हणजे देशी मालाची अट, त्याचे सेलही भारतातच झालेले. 'पीएम सूर्यघर' योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान हवं तर हेच घ्यावं लागतं. म्हणून हे महाग, आणि थोडं ताठही.

स्वभाव चमत्कारिक. उजेड आवडतो, उष्मा सोसत नाही. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला ताकद सुमारे ०.३ टक्क्याने उतरते. विदर्भात मे महिन्यात एवढं ऊन, तरी याचं तोंड वाकडंच. जुन्या पर्क सेलपेक्षा हल्लीचा टॉपकॉन ही तलखी जरा बरी काढतो. नवे कारखाने त्याच्यामागे लागलेत ते उगाच नाही.

याला पाहावं ते कारखान्यात, ईएल टेस्टच्या वेळी. अंधाऱ्या पेटीत ठेवून बाहेरून वीज सोडतात आणि जन्मभर उजेड खाणारं हे स्वतःच उजळतं. तो उजेड आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. सेल जेमतेम मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा जाड; हाताळताना गेलेला बारीकसा तडा पडद्यावर काळी रेघ होऊन येतो.

अडचण कुळाची. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ साली देशातला पहिला सोलर सेल बनवला, म्हणजे घराणं कालचं नाही. पण सेलच्या मागे वेफर, त्यामागे इनगॉट, त्यामागे पॉलिसिलिकॉन, असं मोजत गेलं की फार आत न शिरताच चीन लागतो. लाड काही कमी झाले नाहीत : २०२२ पासून आयात पॅनलवर ४० टक्के कस्टम ड्युटी, वर २४ हजार कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारमान्य उत्पादकांच्या यादीतली पॅनल बनवायची क्षमता १०० गिगावॉटवर गेली तेव्हा ढोल वाजले. सेलची क्षमता तिच्या निम्मीही नव्हती. आता जून २०२६ पासून सेल आणि जून २०२८ पासून वेफरही यादीतलाच, असा नियम केलाय.

"चीनला टॅन्डमने गाठू," असं हल्ली ऐकू येतं. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा पातळ थर दिला की त्याच उन्हातून जास्त वीज निघते. आयआयटी मुंबईत यावर चांगलं काम चाललंय. पेरोव्हस्काइटला ओल बाधते, तेव्हा कोकणातला पावसाळा त्याला काढू दे, मग बोलू. आणि तो टिकला तरी त्याच्याखाली सेल सिलिकॉनचाच असणार, त्याला वेफर लागणारच. वेफर म्हटलं की पॉलिसिलिकॉन आलं, आणि त्याच्या भट्ट्यांना रात्रंदिवस स्वस्त वीज हवी. ती कोण देणार, काय दराने देणार, हे आधी ठरू द्या.