आमचा तूर्त

आमच्या कुत्र्याचें नांव 'तूर्त'. तें ऐकतांच घरीं येणारा प्रत्येक गृहस्थ प्रथम हंसतो, आणि मग मी प्राध्यापक असल्यानें यांत कांहीं तरी पांडित्य असावें अशा समजुतीनें गंभीर होतो. वस्तुतः हें बारसें माझ्या हातून झालेलें नाहीं.

चौदा वर्षांपूर्वीं, आषाढांतल्या एका संध्याकाळीं, आमचा मुलगा शाळेंतून येतांना एक भिजलेलें पिलूं घेऊन आला. 'कुत्रें घरांत नको,' हा माझा निवाडा. परंतु त्या थरथरणाऱ्या जिवाकडे पाहून पत्नी म्हणाली, 'तूर्त राहूं द्या. पाऊस उघडला कीं बघूं.' पाऊस उघडला, दिवाळी झाली, माझ्या वहाणांचे दोन जोड त्याच्या दांतांखालीं गेले. पण जो तो 'तूर्त' म्हणून त्याचा मुक्काम वाढवीत राहिला. अखेर मुलानें तेंच त्याचें नांव ठेवलें.

पुढें एकदां सहज कोश चाळला. मराठींत 'तूर्त' म्हणजे सध्यांपुरतें. संस्कृतांत मात्र त्याचा अर्थ वेगवान. मला एकदम होमरच्या 'ओडिसी'मधील आर्गोस आठवला. त्या ग्रीक नांवाचाहि एक अर्थ वेगवान असाच आहे. त्याचा धनी वीस वर्षांनीं भिकाऱ्याच्या वेषांत परतला, तेव्हां उकिरड्यावर पडलेल्या, उठण्याचेंहि त्राण नसलेल्या आर्गोसनें त्याला ओळखलें, शेपूट हालविलें आणि प्राण सोडला. आपल्या महाभारतांत युधिष्ठिरामागून स्वर्गद्वारापर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याला तर नांवच नाहीं. नांव असो वा नसो. कोणाच्या तरी मागून जाणें किंवा कोणाची तरी वाट पाहणें, एवढेंच त्या जातीला ठाऊक.

सात वर्षांपूर्वीं मुलगा शिक्षणासाठीं परदेशीं गेला. 'किती दिवस रे?' असें आईनें विचारलें, तेव्हां म्हणाला, 'तूर्त दोनच वर्षें.' आपलें नांव ऐकून कुत्रा आंतून धांवत आला आणि आम्ही तिघेंहि हंसलों. दोनांचीं सात झालीं. नोकरी लागली, आतां त्यानें तिकडे घरहि घेतलें आहे. त्याला दोष कोणत्या तोंडानें देऊं? कोंकणांतलें घर मीहि 'तूर्त'च सोडलें होतें. माझे वडील ओटीवर बसून वाट पाहतां पाहतां गेले.

तूर्ताला आतां नीट दिसत नाहीं. फाटक वाजलें कीं मान उचलतो आणि पुन्हां पंजांवर ठेवतो. परवां मुलाचा फोन आला. त्यानें तिकडून हांक मारली, तेव्हां तूर्ताची शेपटी जमिनीवर दोनदां आपटली. मग मुलगा नेहमींच्या विषयावर आला. 'बाबा, निवृत्त झालांत कीं घर विकून इकडेच या. काय ठरवलेंत?' पत्नी माझ्या तोंडाकडे पाहूं लागली. मीं कुत्र्याकडे पाहिलें आणि म्हणालों, 'तूर्त राहूं दे.'