झिजलेल्या दात्याचं मूळ माप

मी परभणी जिल्ह्यातल्या झरीचा. आमच्या भागात जुनी जीप अजून कुणाच्या तरी गोठ्याशेजारी उभी असते. जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सचे भाग बनवणं हा माझा धंदा. मालक तुटका गिअर घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, असाच्या असा करून द्या." असाच्या असा केला, तर तो झिजलेलाच होईल!

ड्रॉइंग कुणाकडेच नसतं. मग दात्याची कमी झिजलेली बाजू शोधायची. गाडी ओढताना दात्याच्या एकाच बाजूवर जोर येतो. दुसरी बाजू रेस सोडल्यावर किंवा उतारावर कामाला येते. मूळ माप तिथेच सापडतं.

दुसरी अडचण इंचाची. महिंद्रने 1949 साली मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवायला घेतल्या. त्या घराण्यातला टी-90 हा तीन गिअरचा बॉक्स अमेरिकी, म्हणून दाते डीपीत, म्हणजे पिच व्यासाच्या एका इंचामागे किती दाते या मापात. आपल्या बाजारात दाते कापायचे जे हॉब सहज मिळतात, ते मॉड्यूलचे, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे. 10 डीपी म्हणजे 2.54 मॉड्यूल आणि जवळचा हॉब 2.5. फरक किरकोळ वाटतो, पण वीस दात्यांच्या सरळ गिअरचा पिच व्यास 50.8 ऐवजी 50 मिलिमीटर भरतो. असा गिअर बसतो, फिरतो आणि जुन्या जोडीदाराशी कायम भांडतो. तरीही तो विकणारे आहेत. प्रीमिअर पद्मिनी मूळची फियाट, म्हणजे इटालियन, मिलिमीटरवाली, त्यामुळे तिथे निदान हा घोळ नाही.

पद्मिनीचं दुखणं गिऱ्हाइकाचं. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांमुळे तिच्या भागांना उठाव होता. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता उरले हौशी लोक. मागणी मूठभर, म्हणून फोर्जिंगचा डाय परवडत नाही. गोल बारमधूनच गिअर कापायचा.

खरी परीक्षा भट्टीत. ईएन-353 पोलादाला कार्बुरायझिंग करून, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवून, कातडी 58 ते 62 एचआरसी कडक करायची आणि गाभा चिवट ठेवायचा. पण तापवून तेलात बुडवल्यावर गिअर वाकडा होतो, बोअर आवळतं, दात्याचा कोन सरकतो. मोठ्या कारखान्याला हजारो नग केल्यावर ही ओढ पाठ होते आणि ती धरूनच ते कापतात. माझे थोडे नग दुसऱ्याच्या मालाबरोबर भट्टीत जातात; कार्बनची खोली त्याच्या मालाला हवी तेवढी. म्हणून मी नंतर दाते ग्राइंड करतो. महाग पडतं, पण दुसरा मार्ग मला मान्य नाही. ग्राइंडिंगला माल जास्त सोडला, तर भट्टीत कमावलेली कातडीच खरवडली जाते, तेवढं सांभाळावं लागतं.

 

एवढं करूनही गिअर ओरडला, तर बोल मला लागतो. अनेकदा दोष केसिंगचा असतो. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी बेअरिंगचं बोअर लांबट होतं, शाफ्ट तिरपे चालतात, मग नवा दाताही एका टोकालाच घासतो. बोअर मोठं करून स्लीव्ह ठोकायची आणि शाफ्टमधलं मूळ केंद्रांतर राखून पुन्हा बोअरिंग करायचं, याला कधी कधी गिअरपेक्षा जास्त पैसे लागतात. हा खर्च मालकाला आधीच कळलेला बरा, म्हणून केसिंग पाहिल्याशिवाय मी गिअर कापायला घेत नाही.